आनुवंशिक अल्झायमर आणि कोलंबियातील चाळीस वर्षांचे संशोधन : औषध फसले, मग हाती काय लागले?

मृण्मयी_कराड :

नमस्कार. माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. तीन वर्षांपूर्वी विसर पडू लागला आणि गेल्या वर्षी मेंदूविकारतज्ज्ञांनी अल्झायमरचे निदान केले. सकाळचा चहा घेऊन दहा मिनिटे होत नाहीत तोच ते पुन्हा चहा मागतात, आणि रिकामा कप समोर दिसला की तो कोणा पाहुण्याचा असावा असे म्हणतात. याच माणसाला १९७८ साली मोजलेल्या शेताचा गट नंबर आणि त्याच्या बांधावरचा हद्दीचा दगड नेमका कोठे होता हे मात्र अचूक आठवते.

गेल्या महिन्यात एका रविवार पुरवणीत कोलंबिया देशातील अँटिओकिया प्रांतातल्या कुटुंबांविषयी लेख वाचला. तेथील काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या ऐन चाळिशीत अल्झायमर सुरू होतो आणि सुमारे चाळीस वर्षे शास्त्रज्ञ त्या घराण्यांचा अभ्यास करीत आहेत, असे त्यात होते. लेखाच्या अखेरीस एकाच ओळीत सांगितले होते की तेथे तपासून पाहिलेले औषध २०२२ साली निष्प्रभ ठरले. ती ओळ वाचल्यापासून मन खिन्न झाले आहे. चाळीस वर्षे खर्ची घालून औषध सापडले नसेल, तर त्या अभ्यासातून मिळाले तरी काय? आणि चाळिशीतला तो आजार व माझ्या सासऱ्यांचा आजार एकच आहे का, की नाव तेवढे सारखे?

दुसरा प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटतो. माझे पती ४९ वर्षांचे आहेत. पूर्वी गाडीची किल्ली सापडली नाही की ते घर डोक्यावर घेत. हल्ली ते गप्प बसून राहतात. त्यांच्या मनात काय चालले असेल ते मला कळते. त्यांची आणि पुढे मुलांची जनुकीय तपासणी करून घ्यावी का? नणंदेच्या मते लगेच करावी. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

दूरदेशी :

मृण्मयीताई, मी अमेरिकेत सेंट लुईस येथे राहतो आणि रक्तातील प्रथिने मोजणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तपासणी करावी की नाही हे दुसरे कोणीतरी अधिकाराने सांगेल. पहिल्या प्रश्नावर मात्र लिहितो, कारण ‘औषध फसले’ या दोन शब्दांत त्या संशोधनाची बोळवण झालेली पाहिली की मला फार वाईट वाटते.

अँटिओकिया हा वायव्य कोलंबियातील डोंगराळ प्रांत असून मेडेयिन ही त्याची राजधानी आहे. १९८० च्या दशकात तेथील फ्रान्सिस्को लोपेरा या तरुण मेंदूविकारतज्ज्ञांकडे बेलमिरा गावचा एक ४७ वर्षांचा रुग्ण आला. लक्षणे म्हाताऱ्या माणसाच्या स्मृतिभ्रंशाची, पण वय ऐन कर्तेपणाचे. शिवाय घरात पूर्वीही असेच घडल्याचे नातेवाइकांनी सांगितले. गावाकडे या आजाराला ‘ला बोबेरा’ म्हणत, म्हणजे खुळेपणा. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवतात. तेथे साठी गाठण्यापूर्वीच माणूस अंथरुणाला खिळलेला असे आणि लोक शापाच्या, जादूटोण्याच्या गोष्टी सांगत.

लोपेरा आणि ल्युसिया माद्रिगाल या परिचारिका यांनी गावोगाव फिरून वंशावळी तयार केल्या. अमली पदार्थांच्या टोळ्या आणि सशस्त्र गट यांच्यामुळे त्या काळी त्या डोंगरांत हिंडणे जिवावरचे होते. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक घरोघरी घराण्यांच्या पिढ्या सांगत येतात. अँटिओकियात ते काम चर्चच्या दप्तरांनी केले. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या जुन्या नोंदी जुळवत गेल्यावर यारुमाल, आंगोस्तुरा अशा गावांत विखुरलेली आणि एकमेकांना परकी वाटणारी घराणी अठराव्या शतकातल्या समान पूर्वजांपर्यंत जाऊन मिळाली. त्या विस्तारित कुळात आज सुमारे ६,००० माणसे असून त्यांपैकी साधारण १,२०० जणांमध्ये तो जनुकीय बदल आहे. एकाच बदलाचे एवढे वाहक जगात दुसऱ्या कोठेही ज्ञात नाहीत.

तो बदल कोणता, हे १९९५ साली स्पष्ट झाले. चौदाव्या गुणसूत्रावरील प्रेसेनिलिन-१ या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात ४६७ अमिनो आम्लांची साखळी असते. तिच्यातील २८० व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी अलानिन येते. एका मण्याचा फरक, बस. पण हे प्रथिन मेंदूतील पेशींच्या आवरणात कात्रीच्या पात्यासारखे काम करते. अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारे प्रथिन, त्याचे पूर्वरूप असलेले लांब प्रथिन ही कात्री कापते, आणि पाते बिघडले की चिकट, गुठळ्या करणाऱ्या ४२ घटकांच्या तुकड्यांचे प्रमाण तुलनेने वाढते. ज्याच्यात हा बदल आहे त्याला साधारण ४४ व्या वर्षी सौम्य लक्षणे दिसू लागतात आणि ४९ च्या सुमारास पूर्ण स्मृतिभ्रंश होतो. प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. उतारवयातील अल्झायमर कोणाला होईल आणि कधी होईल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे रोग दिसण्याच्या वीस वर्षे आधी मेंदूत काय चालले होते, हे पाहायचे म्हटले तरी कोणाच्या मेंदूत पाहायचे, हाच प्रश्न असतो. अँटिओकियातील तिशीच्या वाहकाबाबत मात्र तो साधारण कोणत्या वर्षी आजारी पडेल हे ठाऊक असते. जी घटना अजून घडलेली नाही, तिच्यापासून उलटे मोजत येण्याची सोय जगात फक्त अशा कुटुंबांनी करून दिली. तुमच्या सासऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर हद्दीचा दगड आधी सापडला आणि मग साखळी मागे ओढत मोजणी करता आली.

या मोजणीतून निघालेले आकडे पाहा. मेंदूतील अमायलॉइड ‘पेट स्कॅन’वर (मेंदूतील प्रथिनांचे साठे दाखवणाऱ्या चित्रणात) वाहकांच्या २८ व्या वर्षाच्या आसपास वाढू लागतो, म्हणजे लक्षणांच्या सोळा वर्षे आधी. टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचा साठा स्मृतीशी संबंधित भागात ३८ च्या सुमारास दिसू लागतो, म्हणजे सहा वर्षे आधी. चेतातंतूंची झीज दाखवणारे एक प्रथिन तर रक्तात बाविसाव्या वर्षापासूनच वाहक आणि अवाहक यांच्यात वेगळे पडू लागते.

येथे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून २००८ साली याच धर्तीवर आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. त्यात प्रेसेनिलिन-१, प्रेसेनिलिन-२ आणि अमायलॉइडचे मूळ जनुक अशा तिन्हींपैकी कोठेही बदल असलेल्या, निरनिराळ्या देशांतील कुटुंबांना सामील केले आहे. त्यांची युक्ती साधी होती. आई किंवा वडिलांना ज्या वयात लक्षणे सुरू झाली, त्या वयातून मुलाचे आजचे वय वजा करायचे, आणि सगळ्यांना त्या एका काळरेषेवर बसवायचे. २०१२ साली १२८ जणांच्या माहितीवरून त्यांनी जे प्रसिद्ध केले त्याने सगळ्यांची झोप उडाली : पाठीच्या कण्यातील द्रवात अमायलॉइडचे प्रमाण (तो मेंदूतच अडकू लागल्याने) लक्षणांच्या २५ वर्षे आधी घसरू लागलेले असते, मेंदूतील त्याचे साठे आणि द्रवातील टाऊ १५ वर्षे आधी दिसतात, आणि स्मरणातील सूक्ष्म घट दहा वर्षे आधी. डॉक्टरांकडे माणूस पोहोचतो तेव्हा रोगाचा निम्म्याहून अधिक प्रवास झालेला असतो, हे तोवर अनुमान होते. त्या आलेखाने ते मोजून दाखवले.

साशंक :

दूरदेशी यांनी उत्तम लिहिले आहे, पण मला यातली एक बाजू खटकते. आकडे, आलेख आणि शोधनिबंध हे सगळे शास्त्रज्ञांच्या हाती लागले. कुटुंबांच्या हाती काय लागले? पाठीत सुई टोचून घेणे, वर्षानुवर्षे स्मरणशक्तीच्या चाचण्या देणे, आप्ताचा मेंदू मृत्यूनंतर काही तासांत विद्यापीठाच्या स्वाधीन करणे, हे त्यांनी केले. त्यांच्यातले बहुतेक जण अल्पभूधारक आणि मजूर आहेत. औषधाची चाचणी झाली ती बड्या कंपनीची. तीही फसली. उद्या यशस्वी औषध निघाले, तर त्याची किंमत यारुमालच्या शेतकऱ्याला परवडेल का?

शिवाय ‘फसले’ या शब्दाबद्दल इतके हळवे होण्याचे कारण मला दिसत नाही. चाचणीचा हेतू आजार लांबवणे हा होता. तो साधला नाही, म्हणजे चाचणी फसली. शास्त्रात या शब्दाची लाज वाटू नये.

दूरदेशी :

साशंक, तुमचे दोन्ही मुद्दे टाळण्यासारखे नाहीत.

औषधाचे नाव क्रेनेझुमॅब, अमायलॉइडवर मारा करणारे. २०१३ पासून २५२ जणांवर चाचणी झाली आणि प्रत्येकाने पाच ते आठ वर्षे त्यात भाग घेतला. मधल्या काळात मात्राही वाढवली गेली. जून २०२२ मध्ये निकाल आला की औषध घेणाऱ्या वाहकांत आणि न घेणाऱ्या वाहकांत विचारशक्तीच्या किंवा स्मरणाच्या बाबतीत संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक नाही. तेव्हा होय, चाचणी फसली. ‘फसले’ हा शब्द मी मागे घ्यायला सांगणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की तो शब्द संपूर्ण अभ्यासाला लावू नये. त्याआधी आमच्याकडच्या जाळ्यातही सोलानेझुमॅब आणि गँटेनेरुमॅब या दोन औषधांचा २०२० साली असाच निकाल लागला होता. त्यातल्या गँटेनेरुमॅबने मेंदूतील अमायलॉइड कमी केला, पण बुद्धीची घसरण काही थांबली नाही. पुढे ज्यांनी ते अधिक मात्रेत चालू ठेवले त्यांच्याविषयी २०२५ साली आलेला निष्कर्ष थोडी आशा दाखवतो : लक्षणे नसताना सुरू करून सरासरी आठ वर्षे औषध घेणाऱ्यांत लक्षणे दिसण्याचा धोका जवळजवळ निम्मा झालेला आढळला. मात्र असे लोक अवघे २२ होते, त्यामुळे मी या आकड्यावर घर बांधणार नाही.

कुटुंबांच्या हाती काय लागले याचे सरळ उत्तर माझ्याकडे नाही. एवढे सांगता येते की मेडेयिनच्या अँटिओकिया विद्यापीठातील गटाने रुग्णांची देखभाल आणि घरच्यांना मार्गदर्शन हे काम संशोधनापासून तोडले नाही, आणि लोपेरा स्वतः २०२४ च्या सप्टेंबरमध्ये निधन होईपर्यंत त्या कुटुंबांचे डॉक्टर म्हणूनच ओळखले जात. औषधाच्या किमतीबाबत तुमची शंका मलाही छळते.

आपल्याला मात्र त्या कुटुंबांकडून एक गोष्ट थेट मिळाली आहे. टाऊ प्रथिनाच्या २१७ व्या जागी फॉस्फेट जोडलेले रूप रक्तात मोजले तर अल्झायमर ओळखता येतो, हे २०२० साली ज्या तीन गटांच्या रक्तनमुन्यांवरून दाखवले गेले त्यांपैकी एक गट अँटिओकियाचा होता. वाहकांत हे रूप साधारण पंचविसाव्या वर्षापासून, म्हणजे लक्षणांच्या सुमारे वीस वर्षे आधी, वाढू लागते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने याच घटकावर आधारलेल्या रक्तचाचणीला निदानाच्या मदतीसाठी परवानगी दिली. माझ्या टेबलावर रोज येणाऱ्या बोटभर नळ्यांत उतारवयातील सामान्य रुग्णांचे रक्त असते. पण त्यातला आकडा कसा वाचावा हे शिकवणाऱ्यांत यारुमालची माणसे आहेत.

समुपदेशिका_मुंबई :

मी जनुकीय समुपदेशन करते, त्यामुळे मृण्मयीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देते. आधी निष्कर्ष सांगते, कारण तुम्ही बहुधा त्याचीच वाट पाहत आहात : तुम्ही दिलेल्या माहितीवरून आपल्या पतीची किंवा मुलांची अशी तपासणी करण्याचे कारण मला दिसत नाही.

घरात एकाला अल्झायमर असणे आणि तो आनुवंशिक प्रकारचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँटिओकियासारखा, एकाच जनुकातील बदलामुळे जवळजवळ निश्चित होणारा प्रकार जगातील एकूण अल्झायमर रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी आढळतो. त्याची खूण असते ती कमी वय, आणि सलग पिढ्यांत एकापाठोपाठ एक माणसे. तुमच्या सासऱ्यांना सत्तरीनंतर लक्षणे आली. त्या वयाच्या रुग्णांत सर्वाधिक अभ्यासलेला घटक म्हणजे एकोणिसाव्या गुणसूत्रावरील अपोई जनुकाचे चौथे रूप. ते एकदा असेल तर धोका साधारण दोन ते तीन पट होतो, दोन्ही पालकांकडून आले असेल तर आणखी बराच वाढतो. पण ते असूनही नव्वदीपर्यंत शाबूत राहिलेली माणसे आहेत आणि ते नसूनही आजारी पडलेली आहेत. म्हणून केवळ भीतीपोटी त्याची तपासणी करण्याचा सल्ला आम्ही देत नाही. हल्ली लाळेची नळी कुरिअरने पाठवून घरबसल्या अहवाल मागवता येतो. असा अहवाल हातात धरून, रात्रभर जागून, डोळे सुजवून माझ्यासमोर बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना प्रथम ‘धोका’ व ‘निदान’ यांतला फरक समजावण्यात तासभर जातो.

दोन्ही आजार एकच का, असेही आपण विचारले आहे. मेंदूत दिसणाऱ्या खुणा त्याच आहेत : पेशींबाहेर अमायलॉइडच्या गुठळ्या आणि पेशींच्या आत टाऊचा गुंता. वाट मात्र वेगळी असते. आनुवंशिक प्रकारात अमायलॉइड तयार होतानाच बिघाड असतो, तर उतारवयात त्याचा मेंदूतून निचरा होण्याची क्रिया मंदावणे, रक्तवाहिन्यांचे विकार, वय आणि अनेक जनुकांचे लहान लहान परिणाम एकत्र येतात. त्यामुळे तिकडचे निष्कर्ष इकडे उचलून लावताना जपावे लागते. दूरदेशी यांनी रक्तचाचणीचे सांगितले ते बरोबर आहे, पण काहीही लक्षणे नसलेल्या माणसाने ती हौसेने करून घेऊ नये, एवढी पुस्ती मी जोडते.

न कळण्याचा हक्क हा या क्षेत्रातला फार महत्त्वाचा विषय आहे, आणि तो अँटिओकियात कसा जपला गेला हे पाहण्यासारखे आहे. क्रेनेझुमॅबच्या त्या २५२ जणांत १६९ वाहक आणि ८३ अवाहक होते. ज्यांच्यात बदलच नाही त्यांना चाचणीत का घेतले? कारण फक्त वाहकांना घेतले असते तर निवड होणे म्हणजेच निकाल कळणे झाले असते. म्हणून ८३ अवाहकांना पूर्णपणे निष्क्रिय औषध दिले गेले, वाहकांतल्या काहींना खरे आणि काहींना निष्क्रिय, आणि कोणाला काय मिळते व कोण वाहक आहे हे सहभागी माणसाला कळू दिले नाही. आपल्याला हा आजार होणारच नाही अशी ८३ माणसे, ते ठाऊक नसताना, भावंडांच्या बरोबरीने वर्षानुवर्षे सुया टोचून घेत राहिली. अर्ध्याअधिक घरांत एक भाऊ वाहक तर दुसरा नाही, अशी स्थिती असू शकते. कोणता भाऊ कोणता, हे जेवणाच्या टेबलावर कोणालाच माहीत नसते. साशंक, कुटुंबांना काय मिळाले हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्यांनी काय दिले याचा हिशेब करताना ही ८३ माणसे विसरू नयेत असे मला वाटते.

आता पतीच्या विसरण्याबद्दल. ४९ व्या वर्षी किल्ली न सापडणे हे बहुतेक वेळा अपुरी झोप आणि काळजी यांचे लक्षण असते. तरीही मनातून शंका जात नसेल तर साध्या डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास आढळते आणि तिने विसराळूपणा येऊ शकतो. तो उपचाराने सुधारतोही. ही तपासणी जनुकांच्या तपासणीपेक्षा कितीतरी उपयोगाची आहे.

कुलवृत्तांतप्रेमी :

विषयांतर नाही, पूरक माहिती विचारतो. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती करताना मी प्रत्येकाच्या नावापुढे जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या तारखा गोळा केल्या. आजाराचा रकाना ठेवावा असे सुचवले तेव्हा मंडळींनी तो हाणून पाडला. स्थळे येणार नाहीत म्हणाले. अँटिओकियातील लोकांनी आजार लपवला नाही का? आणि असा एखादा वाहक आहे का जो आजारापासून सुटला?

दूरदेशी :

लपवला असणारच, पण घरटी एक माणूस चाळिशीत खुळावू लागल्यावर गावापासून काही लपत नाही. लोपेरांच्या गटाचे यश हे की लाजेची गोष्ट त्यांनी नात्यांच्या तक्त्यावर चौकोन आणि वर्तुळे काढून मांडली, बाधित माणसाचे चिन्ह काळे केले, आणि कुटुंबाला प्रथमच आपला आजार शापाऐवजी एका आकृतीत दिसला.

सुटलेल्या माणसाबद्दल विचारलेत, आणि मला वाटते हाच या साऱ्या अभ्यासातला सर्वांत मोठा ठेवा आहे. अँटिओकियातील एका महिलेत हा बदल असूनही तिला चव्वेचाळिसाव्या वर्षी काही झाले नाही, पन्नाशीत नाही, साठीतही नाही. सौम्य लक्षणे दिसली ती सत्तरी ओलांडल्यावर. तिला तपासणीसाठी बॉस्टनला नेले. पेट स्कॅनमध्ये तिच्या मेंदूत अमायलॉइड खच्चून भरलेला निघाला, कुटुंबातील बहुतेकांपेक्षा अधिक. पण टाऊचा गुंता मात्र फारच थोडा. समुपदेशिकांनी ज्या अपोई जनुकाचा उल्लेख केला त्याच्याच तिसऱ्या रूपात तिला क्राइस्टचर्च नावाचा दुर्मीळ बदल होता, आणि तोही आई व वडील दोघांकडून. हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०२० मध्ये ती ७७ व्या वर्षी कर्करोगाने गेली आणि तिचा मेंदू अभ्यासासाठी देण्यात आला.

एका माणसावरून सिद्धान्त मांडता येत नाही, असे साशंक म्हणतील. बरोबर आहे. म्हणून त्याच कुळात क्राइस्टचर्च बदल एकाच पालकाकडून आलेले वाहक शोधले गेले. असे २७ जण सापडले. २०२४ मध्ये कळले की त्यांच्यात सौम्य लक्षणे सुरू होण्याचे मध्य वय ५२ होते, तर तुलनेसाठी निवडलेल्या, तो बदल नसलेल्या नातेवाईक वाहकांत ४७. पाच वर्षे. औषधाने जे साधले नाही ते एका अक्षराने साधले. २०२३ साली याच कुळातला आणखी एक पुरुष पुढे आला. त्याला रीलिन या वेगळ्याच जनुकातील बदलाने साठी उलटेपर्यंत सांभाळले होते. आता शोध असा चालला आहे की अमायलॉइड आणि टाऊ यांच्यामधला जो दुवा या माणसांत तुटलेला दिसतो, तो औषधाने तोडता येईल का. सहा हजार माणसांची वंशावळ हाताशी नसती, तर सत्तरीतली विसरभोळी आजी म्हणून या बाईकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. तिचे आश्चर्य तिच्या नातेवाइकांच्या वयांशेजारी ठेवल्यावरच दिसते.

मृण्मयी_कराड :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. समुपदेशिकांचे उत्तर मी पतींना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण बी-१२ ची चाचणी उद्याच करून येतो म्हणाले.

काल दुपारी मी सासऱ्यांसमोर कोरा कागद ठेवला आणि दूरदेशी यांनी सांगितल्याप्रमाणे चौकोन-वर्तुळे काढून त्यांच्या घराण्याचा तक्ता करू लागले. त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली, रेषा वाकडी आहे म्हणून पट्टी मागितली आणि चार भाऊ, तीन बहिणी, त्यांचे आई-वडील आणि चुलते अशी माणसे नावानिशी मांडली. माझ्या हातून पतींच्या दोन आत्यांचा, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणींचा, क्रम चुकला होता, तोही त्यांनी दुरुस्त केला. वयांचे विचारले तेव्हा बहुतेक जण सत्तरी-ऐंशीपर्यंत शहाणे राहिल्याचे सांगितले. फक्त धाकट्या आत्याबद्दल म्हणाले की ती पन्नाशीतच भ्रमिष्ट झाली होती. या एका व्यक्तीमुळे काही फरक पडतो का?

समुपदेशिका_मुंबई :

एकट्या त्या आत्यांमुळे मत बदलावे असे नाही, कारण त्यांच्या आई-वडिलांपैकी कोणालाही तरुणपणी आजार झाल्याचे दिसत नाही आणि एवढ्या भावंडांतही दुसरे कोणी नाही. शिवाय ‘भ्रमिष्ट’ या शब्दाखाली पूर्वी नैराश्य, पक्षाघात, डोक्याला मार, क्षयाचा मेंदूज्वर असे काहीही घातले जाई. तरी त्यांची मुले हयात असतील तर तीन गोष्टी विचारून ठेवाव्यात : सुरुवात नेमकी कोणत्या वर्षी झाली, ती हळूहळू झाली की अचानक, आणि त्या मुलांपैकी कोणाला आता तसे काही जाणवते का. उत्तरे त्या तक्त्यावरच तारखेसह लिहावीत आणि पुढच्या भेटीत मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावीत. तक्त्याची एक प्रत काढून ठेवा. मूळ कागद सासऱ्यांकडेच राहू द्या.